दम्याचा संशय असेल तर श्वास मोजून घ्या : पीएफटी आणि पीक फ्लोच्या नोंदी नीट कशा कराव्यात

ठाण्यात फुप्फुसांच्या तपासणीच्या खोलीत मी बरीच वर्षे काम करते आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसते ‘पीएफटी’ (यंत्रात जोराने फुंकून फुप्फुसांतून किती हवा, किती वेगाने बाहेर येते ते मोजण्याची तपासणी) लिहिलेले असते, आणि ती चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला आपली नेमकी कोणती तपासणी होणार आहे याची बहुतेक वेळा कल्पनाही नसते. कोणी रक्त द्यायचे असेल म्हणून सकाळपासून उपाशी येतो, तर कोणी जिना चढताना धाप लागू नये म्हणून खालीच पंपाचे दोन पफ मारून वर येतो. या दुसऱ्या माणसाची त्या दिवशीची तपासणी जवळजवळ वाया जाते. जी गोष्ट आम्हाला मोजायची असते तीच त्याने पंप मारून तात्पुरती पुसून टाकलेली असते, आणि हे त्याला आधी कोणी सांगितलेले नसते. म्हणून हा लेख मी चिठ्ठी हातात पडल्यापासून रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवेपर्यंतच्या क्रमाने लिहिला आहे.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. दमा हा चढउताराचा आजार आहे. श्वासनलिका आतून सुजलेल्या आणि हळव्या झालेल्या असतात. धूळ, थंड हवा, सर्दी, धूर, धावपळ अशा कशाने तरी त्या आकसतात, त्यांच्यात चिकट कफ साचतो, छातीत घरघर किंवा शिट्टी वाजू लागते, आणि काही तासांनी किंवा औषधाने त्या पुन्हा मोकळ्या होतात. रात्री तीन वाजता खोकून खोकून उठून बसलेला माणूस दुपारी बारा वाजता दवाखान्यात अगदी ठणठणीत दिसू शकतो, आणि स्टेथोस्कोपलाही काही ऐकू येत नाही. म्हणून दम्याच्या तपासणीत एकच एक आकडा शोधायचा नसतो, तर आकड्यांमधला फरक पकडायचा असतो : पंपाच्या आधीचा आणि नंतरचा, सकाळचा आणि संध्याकाळचा, कामाच्या दिवशीचा आणि सुटीच्या दिवशीचा.

तपासणीला जाण्यापूर्वी

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, त्यासोबत ताप, वजन घटणे किंवा थुंकीतून रक्त असे काही असेल, तर पीएफटीच्या आधी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करून घ्यावी. ही तपासणी सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत मोफत होते. आपल्याकडे क्षयरोग अजून इतका आहे की ही पायरी गाळणे कोणाच्याच हिताचे नाही. शिवाय यंत्रात जोराने फुंकताना जंतू खोलीभर पसरतात आणि पुढच्या रुग्णाला धोका होतो. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, डोळ्याची, पोटाची किंवा छातीची शस्त्रक्रिया अलीकडे झाली असेल, किंवा फुप्फुसाभोवती हवा साचण्याचा प्रकार झाला असेल, तर ते आधी सांगावे. जोर लावून फुंकताना छातीतला, पोटातला आणि डोळ्यातला दाब वाढतो, त्यामुळे अशा वेळी तपासणी पुढे ढकलावी लागते.

यानंतरचा प्रश्न तपासणीचा दिवस कोणता निवडायचा हा आहे. माझ्या मते सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. माणसे त्रास असताना अंगावर काढतात, बरे वाटू लागले की सवडीने तपासणीला येतात आणि रिपोर्ट नॉर्मल आला की सुटकेचा श्वास टाकतात. खरे तर त्रास चालू असतानाच, पण बोलता-चालता येण्याइतपत असताना, तपासणी झाली तर तिच्यातून सर्वाधिक कळते. घोडबंदर रोडला राहणाऱ्याला पावसाळ्यात भिंतीवर ओल आणि बुरशी आली की खोकला सुरू होत असेल, तर त्याने जुलै-ऑगस्टमध्ये यावे. दिवाळीच्या आसपासच्या धुरकट सकाळी ज्याची छाती भरते त्याने त्याच दिवसांत यावे. शक्य असेल तर पंपातले स्टेरॉईडचे नियमित औषध सुरू होण्याआधीच ही तपासणी करून घ्यावी, कारण औषध नीट लागू पडले की आकडे सुधारतात आणि मग दमा आहे हे कागदावर दाखवणे अवघड होऊन बसते. मात्र त्रास वाढलेला असेल तर तपासणीची वाट बघत औषध थांबवू नये. एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा पंप मारूनही धाप कमी होत नसेल, तर आमच्या खोलीकडे न येता थेट जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

आदल्या दिवसापासूनची तयारी

आधीपासून पंप चालू असेल तर कोणता पंप किती वेळ बंद ठेवायचा हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. साधारण पद्धत अशी आहे की सालब्युटामॉलचा, म्हणजे लगेच आराम देणारा पंप तपासणीआधी किमान ४ तास घेऊ नये. फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल असलेला, दिवसातून दोनदा घ्यायचा पंप २४ तास, आणि व्हिलँटेरॉलसारख्या औषधाचा दिवसातून एकदाच घ्यायचा पंप ३६ तास आधी थांबवतात. मध्येच धाप लागली तर पंप जरूर घ्यावा आणि किती वाजता घेतला तेवढे आम्हाला सांगावे. त्यासाठी तुमच्यावर कोणी रागावणार नाही; न सांगता घेतलेला पंप मात्र रिपोर्टची दिशाच बदलून टाकतो.

उपाशी राहण्याची गरज नाही, फक्त तासा-दोन तासांत भरपेट जेवू नये. तपासणीआधी किमान एक तास सिगारेट किंवा विडी ओढू नये आणि घामाघूम होईल असे श्रम टाळावेत. छातीला किंवा पोटाला आवळणारे कपडे नकोत. कवळी घट्ट बसणारी असेल तर ती तोंडातच ठेवावी, कारण दात नसले की ओठ नळीभोवती नीट मिटत नाहीत. खोलीत आल्यावर आम्ही चपला काढायला लावून उंची मोजतो. ‘पाच फूट चार इंच लिहा हो’ असे पुष्कळ जण सांगतात, पण अंदाजाची उंची चालत नाही, कारण तुमच्या फुप्फुसांत किती हवा मावायला हवी याचे गणित वय, लिंग आणि उंची यांवरूनच बसवलेले असते.

प्रत्यक्ष फुंकणे

या यंत्राची मूळ कल्पना फार जुनी आहे. १८४६ साली लंडनमध्ये जॉन हचिन्सन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपासारखे उपकरण वापरून हजारो माणसांचा श्वास मोजला होता. आजचे यंत्र एका टेबलाच्या कोपऱ्यात मावते, पण मोजायचे तेच आहे : पूर्ण भरलेल्या छातीतून किती हवा बाहेर येते आणि ती किती वेगाने येते.

खुर्चीत ताठ बसायचे, पाय जमिनीवर टेकवायचे, नाकाला चिमटा लावायचा. आता छाती काठोकाठ भरेपर्यंत श्वास आत घ्यायचा, क्षणाचाही वेळ न घालवता नळी दातांमध्ये धरून ओठ तिच्याभोवती घट्ट मिटायचे, आणि फुगा फोडायचा आहे अशा एकाच झटक्यात हवा बाहेर फेकायची. पण इथे थांबायचे नाही. सुरुवातीचा जोर ओसरला की माणसाला वाटते हवा संपली. ती संपलेली नसते. आम्ही शेजारी उभे राहून ‘अजून, अजून, अजून, सोडा काका, सोडा’ असे जे ओरडत असतो, त्याचे कारण हेच आहे. पडद्यावरची रेघ सपाट होईपर्यंत, मोठ्या माणसांत साधारण सहा सेकंद आणि काही वेळा त्याहूनही जास्त, फुंकत राहावे लागते. चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येते, थोडी चक्कर आल्यासारखे वाटते. हे सगळे अपेक्षित असते आणि मिनिटभर बसले की जाते.

असे किमान तीन वेळा नीट फुंकावे लागते, आणि त्यांतले सर्वांत चांगले दोन प्रयत्न एकमेकांपासून १५० मिलिलिटरच्या आत असावे लागतात. तसे जुळले नाही तर पुन्हा करायचे. साधारण आठ प्रयत्नांनंतर थांबतो. पहिल्या सेकंदात खोकला आला, सुरुवात डळमळीत झाली, ओठांच्या कोपऱ्यातून हवा निसटली, तर तो प्रयत्न बाद होतो. एकदाच फुंकायला लावून हातात रिपोर्ट दिला गेला असेल, तर तो स्वीकारू नका. माझ्या स्वतःच्या भाचीच्या बाबतीत हेच झाले होते. एका ठिकाणी तिला एकदाच फुंकायला लावले, मध्ये खोकला आलेला आलेखावर स्पष्ट दिसत होता, तरीही रिपोर्टवर ‘नॉर्मल’ असे छापून आले. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष तिचा खोकला ‘ॲलर्जिक ब्रॉंकायटिस’ या नावाखाली अँटिबायोटिक्सवर काढला गेला. त्या कागदाकडे पाहिले की मला आजही वाईट वाटते, कारण तपासणीला आणखी दहा मिनिटे दिली असती तर तिची कित्येक रात्रींची झोप वाचली असती.

पंपानंतरचा दुसरा भाग

पहिला भाग झाला की सालब्युटामॉलचे पफ स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्यातून, देतात. मात्रा साधारण २०० ते ४०० मायक्रोग्रॅम असते. त्यानंतर १० ते १५ मिनिटे थांबून पुन्हा तसेच फुंकायचे असते. ही मधली पंधरा मिनिटे पुष्कळांना जड जातात. ठाणे स्टेशनवरून गाडी पकडायची असते, ऑफिसला उशीर झालेला असतो. तरीही हा भाग सोडून जाऊ नका. दम्याचा शोध घेण्यासाठी हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. पैसे भरतानाच ‘पंपाच्या आधी आणि नंतर, दोन्ही करणार ना?’ असे विचारून घ्यावे.

रिपोर्ट कसा वाचावा

कागदावर रकाने असतात : तुमच्या वय-उंचीला अपेक्षित आकडा, पंपाआधीचा आकडा, तो अपेक्षिताच्या किती टक्के आहे, पंपानंतरचा आकडा आणि बदलाची टक्केवारी. त्यांतल्या तीन ओळी आधी पाहाव्यात. एफव्हीसी म्हणजे जोर लावून बाहेर टाकलेली एकूण हवा. एफईव्ही-१ म्हणजे त्यातली पहिल्या एका सेकंदात बाहेर आलेली हवा. तिसरी ओळ या दोहोंच्या गुणोत्तराची. निरोगी प्रौढ माणूस साधारणपणे ७५ ते ८० टक्क्यांहून अधिक हवा पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो, लहान मुले ९० टक्क्यांहून अधिक. वय वाढेल तसे हे प्रमाण थोडे घटते. ते अपेक्षेपेक्षा कमी असेल तर नळ्या अरुंद झालेल्या आहेत. आलेखातही हे दिसते : निरोगी माणसाची उतरती रेघ बरीचशी सरळ खाली येते, अडथळा असलेल्याची मध्ये खोलगट होते, दोन टोकांना बांधलेली दोरी सैल सोडल्यावर झोळ पडतो तशी.

आता पंपानंतरचा फरक. मोठ्या माणसात एफईव्ही-१ पंपानंतर किमान १२ टक्के आणि किमान २०० मिलिलिटर, अशा दोन्ही मापांनी वाढला तर नळ्या औषधाने मोकळ्या झाल्या असे मानण्याची पद्धत रूढ आहे. उदाहरणार्थ, आधी १.८० लिटर आणि नंतर २.१० लिटर असेल तर वाढ ३०० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ १७ टक्के झाली; दोन्ही अटी पुऱ्या झाल्या. आधी १.२० आणि नंतर १.३६ असेल तर टक्केवारी १३ च्या वर जाते, पण वाढ १६० मिलिलिटरच आहे, म्हणून ती या मापात बसत नाही. २०२१ साली अमेरिकी आणि युरोपीय श्वसनविकार संघटनांनी दुसरे माप सुचवले : वाढ ही अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त असावी. त्यामुळे दोन प्रयोगशाळांच्या शेऱ्यांत फरक दिसू शकतो. अशा वेळी शेरा बाजूला ठेवून मूळ आकडे डॉक्टरांना दाखवावेत.

अडथळा आहे पण पंपाने तो फारसा सुटत नाही, आणि माणसाने वर्षानुवर्षे विडी ओढलेली आहे किंवा चुलीच्या धुरात काम केलेले आहे, तर डॉक्टर सीओपीडीचा, म्हणजे धुरामुळे नळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा, विचार करतात. गुणोत्तर ठीक पण एफव्हीसीच कमी असेल तर रस्ता वेगळा; नवी मुंबईच्या दगडखाणींत आयुष्य गेलेल्यांच्या बाबतीत सिलिकोसिसकडे, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराकडे, लक्ष द्यावे लागते.

रिपोर्ट नॉर्मल आला, त्रास मात्र चालूच आहे

हे फार वेळा घडते आणि इथेच लोक सोडून देतात. नॉर्मल पीएफटीचा अर्थ ‘त्या दिवशी, त्या वेळी नळ्या मोकळ्या होत्या’ एवढाच आहे. दमा नाही असा त्याचा अर्थ होत नाही. पुढची पायरी स्वस्त आहे आणि घरी करता येते : पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा सर्वाधिक वेग मोजणारे साधन. हाताच्या पंज्याएवढी, प्लास्टिकची, काटा सरकणारी ही नळी मोठ्या औषधांच्या दुकानात काही शे रुपयांत मिळते. मार्टिन राइट यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या, बऱ्याच मोठ्या आणि जड उपकरणाचे हे सुटसुटीत रूप आहे.

वापरायची रीत अशी. उभे राहा. काटा तळाशी आणा आणि बोटे त्याच्या वाटेत येणार नाहीत असे धरा. छाती पूर्ण भरा, ओठ घट्ट मिटा आणि एकदाच, जमेल तितक्या जोराने फुंका. इथे लांबवर फुंकायची गरज नाही, पहिला झटकाच मोजला जातो. मात्र थुंकल्यासारखा, गालांच्या जोरावर केलेला झटका आकडा खोटा फुगवतो, तो टाळा. तीन वेळा फुंका आणि तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा लिहा. सरासरी काढू नका. सकाळी उठल्यावर पंप घेण्याआधी एकदा आणि संध्याकाळी एकदा, असे दोन आठवडे न चुकता करा. रबाळे किंवा महापे एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळ न पाहता आपली झोप पाहावी : उठल्यावरची नोंद पहिली. मीटर मध्येच बदलू नये, कारण दोन मीटरांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत.

हिशोब साधा आहे. एखाद्या दिवशी सकाळी ३१० आणि संध्याकाळी ३८० आले. फरक ७०, दोहोंची सरासरी ३४५, म्हणजे त्या दिवशीचा चढउतार सुमारे २० टक्के. असा प्रत्येक दिवसाचा काढून चौदा दिवसांची सरासरी घ्यायची. मोठ्यांत ही सरासरी १० टक्क्यांच्या वर आणि मुलांत १३ टक्क्यांच्या वर असेल, तर ती दम्याकडे बोट दाखवते. आकड्यांशेजारी एक रकाना मोकळा ठेवा आणि त्यात जे घडले ते लिहा : ‘रात्री दोनदा उठलो’, ‘शेजारी रंगकाम’, ‘सर्दी’, ‘पंप घेतला ६.३०’. मला विचाराल तर त्या रकान्यातूनच डॉक्टरांना सर्वांत जास्त कळते.

त्रास कामावरचा असेल तर

पिठाची गिरणी, बेकरी, गाडीला फवाऱ्याने रंग मारण्याचे वर्कशॉप, फोमचा कारखाना, या ठिकाणच्या धुळीने आणि रसायनांनी दमा नव्याने होऊ शकतो. तुर्भ्याच्या एपीएमसी मसाला मार्केटमध्ये मिरचीची पोती वाहणाऱ्या माथाडी कामगाराला खोकला ‘असायचाच’ असे सगळे धरून चालतात, आणि म्हणून तो तपासलाच जात नाही. अशांनी दिवसातून किमान चार वेळा, शक्यतो चार आठवडे, पीक फ्लोची नोंद करावी आणि त्यात सुटीचे काही सलग दिवस येतील असे पाहावे.

एका बेकरी कामगाराने मला त्याचा तक्ता आणून दाखवला होता. पावाच्या पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने आखलेला, कोपऱ्यांना पिठाचे ठसे. कामाच्या सहा दिवशी आकडे ३४० वरून उतरत २७० वर आलेले, गणपतीला गावी गेला त्या सात दिवसांत चढत ४१० वर पोचलेले, आणि परत कामावर आल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा ३०० च्या आत. त्याची पीएफटी दोनदा नॉर्मल आलेली होती, कारण दोन्ही वेळा तो सुटी काढून आला होता. अशी नोंद हातात असली की डॉक्टरांना कामाची जागा बदलण्याविषयी लेखी सल्ला देता येतो. मात्र तो मिळण्याआधी घाईने नोकरी सोडू नये.

आणखी दोन तपासण्या

फेनो तपासणीत जोर लावायचा नसतो. एका यंत्रात सुमारे दहा सेकंद संथ, एकसारखे फुंकायचे असते. श्वासातला नायट्रिक ऑक्साइड वायू मोजला जातो आणि ॲलर्जीच्या प्रकारची सूज असेल तर तो वाढलेला असतो. प्रौढांत ५० पीपीबीहून (हवेच्या एक अब्ज भागांत ५० भाग) अधिक आकडा दम्याच्या निदानाला बळ देतो, २५ च्या खालचा फारसे देत नाही. सिगारेटने तो घटतो आणि नाकाच्या ॲलर्जीनेही वाढतो, म्हणून एकट्या फेनोवर निदान ठरत नाही. दुसरी तपासणी मेथाकोलिनची : नळ्या आकसवणारे हे औषध वाढत्या मात्रेत श्वासावाटे देऊन एफईव्ही-१ २० टक्क्यांनी घसरतो का ते पाहतात. ती मोठ्या रुग्णालयातच, डॉक्टर शेजारी असताना करावी.

मुलांच्या बाबतीत

पाच वर्षांखालील मुलांना पीएफटी सहसा नीट जमत नाही. तिथे डॉक्टर लक्षणे, घरातला ॲलर्जीचा इतिहास आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद यांवर भर देतात. त्यानंतरची मुले मात्र शिकवले की छान फुंकतात. आईवडिलांनी आदल्या रात्री घरी जाड कागदाच्या सुरळीतून मेणबत्ती विझवायचा खेळ करून घ्यावा. पहिल्या भेटीत नाही जमले तर मुलाला रागावू नका, आठवड्याने पुन्हा आणा. मुलाच्या छातीत घरघर ऐकू आली की मोबाइलवर त्याचा आवाजासहित व्हिडिओ घेऊन ठेवावा, डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो.

निदानानंतर

‘पंपाची सवय लागते’ या भीतीने पुष्कळ जण निदान झाल्यावरही औषध घेत नाहीत. पंपातले औषध गोळ्यांच्या मानाने अगदी थोड्या मात्रेत थेट नळ्यांत जाते आणि त्याचे व्यसन लागत नाही. निदान शंकास्पद राहिले असेल तर डॉक्टर साधारण चार आठवडे स्टेरॉईडचा पंप देऊन पीएफटी पुन्हा करायला सांगतात; तेवढ्या काळात एफईव्ही-१ १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढला तर तोही दम्याचा पुरावा धरला जातो. उलट बाजूही ध्यानात असावी : वर्षानुवर्षे दम्याचा शिक्का घेऊन औषधे घेणाऱ्यांनीही एकदा तपासून घ्यावे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका मोठ्या अभ्यासात, डॉक्टरांनी दमा सांगितलेल्या प्रौढांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांत तो त्या वेळी आढळला नव्हता. औषध कमी करून पाहायचे ते मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

दुसऱ्या खेपेला येताना पहिला रिपोर्ट सोबत आणावा. काही यंत्रांचे रिपोर्ट थर्मल कागदावर निघतात आणि वर्षभरात त्यांवरची अक्षरे उडून कोरा कागद उरतो. म्हणून रिपोर्ट मिळाल्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढावी, आलेखासकट मोबाइलमध्ये फोटो घ्यावा, आणि त्या दिवशी किती वाजता कोणता पंप घेतला होता ते झेरॉक्सच्या कोपऱ्यात पेनाने लिहून ठेवावे.